दिगू, ती काडतुसं अजून भरू नकोस

केज,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

दिगू लेका,

तुझा फोटो रात्री आला. दूध पिऊन सगळे गच्चीवरून खाली उतरत होते. मी बघतो तर मांडीवर दुनळी बंदूक घेऊन तू बसलेला. तीच लांबट नळी, तीच चापाच्या वरची वेलबुट्टी, बर्मिंगहॅमची बारा बोअर. मायला दाखवला. तिनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "ही आपली कशी गेली तिकडं?" अमेरिकेत विचिटाच्या जुन्या सामानाच्या दुकानात तुला अण्णांच्या बंदुकीची बहीण सापडावी, याचा मला किती आनंद झाला ते तुलाच कळेल. घरात दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. पोरांना ते जुनं लोखंड वाटतं.

घरचं उरकतो. माझी साखर गोळीवर आटोक्यात आहे, मायचे गुडघे आहेत तसेच. सोयाबीन पावसानं झोपवलं, आता भिस्त ज्वारीवर. झालं.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हां हां, कळलं" म्हणून विषय तोडतोस. म्हणून लिहायलोय. फोटोत तुझ्या मागं टेबलावर काडतुसांची पेटी आहे. ती मी बोटानं मोठी करून वाचली. २¾ इंच, छरे स्टीलचे, जाडीचा नंबर ४. दिगू, मांडीवरच्या त्या बंदुकीत यातलं एकही काडतूस घालू नकोस. मला रात्रभर झोप लागली नाही, खोटं सांगत नाही.

तू म्हणशील, घालून बघितलं, मापात बसतं. बसणारच, आणि घोर आहे तो त्याचाच. पेटीवर लिहिलेली लांबी असते ती बार झाल्यानंतरची, काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडल्यावरची. बंद असताना २¾ इंची, म्हणजे ७० मिलीमीटरचं काडतूस साठच्या आतबाहेरच भरतं. जुन्या इंग्रजी बंदुकीचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, असतं अडीच इंचाचं, ६५ मिलीमीटरचं. त्यात ते सुखानं जातं, बंदूक खट् करून मिटते, हाताला काही जाणवत नाही. पण चाप ओढला की तोंड उलगडतं आणि पुढचे पाच मिलीमीटर चेंबर संपून नळी जिथं अरुंद होत जाते त्या गळ्यात घुसतात. छऱ्यांना निघायची वाट आवळली जाते, मागं दाब चढतो. वर अमेरिकेतली काडतुसं आजच्या जाड नळ्यांच्या हिशोबानं भरलेली. पहिल्या बाराला कदाचित काही होणार नाही, दहाव्यालाही नाही. पण त्या नळीखाली तुझा डावा हात असतो.

"बसतंय ना, मग चालतंय," हे तुझं लहानपणापासूनचं. अण्णांच्या राजदूतच्या टाकीत नरसाळं बरोबर बसलं म्हणून तू रॉकेल ओतलंस, आणि धारूरच्या घाटात ती गाडी आपण दोघांनी ढकलत नेली. तू अजून म्हणतोस की पेट्रोलच खराब होतं. नव्हतं, दिगू. डबा मी हुंगला होता.

तर आता हे कर. नळ्यांखालचा पुढचा लाकडी तुकडा काढ, नळ्या सुट्या कर आणि उलट्या धर. चेंबरच्या खाली सपाट भाग आहे, तिथं तपासणीचे बारीक ठसे असतील. अण्णांची मी दसऱ्याला पुसायला काढली तेव्हा भिंग लावून परत वाचले. मुकुट, शेजारी चौकटीत १२ आणि सी, मग २½, आणि एका कडेला १⅛. हा शेवटचा आकडा औंसाचा, म्हणजे यापेक्षा जास्त छरे भरलेलं काडतूस या नळीला नको. तुझ्या नळ्यांचा फोटो उजेडात काढून पाठव. ठशात २½ दिसलं तरी तेवढ्यावर जाऊ नकोस. तिकडं पुष्कळ जुन्या बंदुकांची चेंबरं आधीच्या मालकांनी कोरून लांब केलेली असतात, आणि कोरलं की तिथली भिंत पातळ होते. तेव्हा बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडून चेंबरची लांबी आणि नळीची जाडी दोन्ही मोजून घे. आतून टॉर्च लावून नळीला फुगवटा आहे का तेही त्यालाच बघू दे. पैसे लागतील ते लागू देत.

दुसरी गोष्ट स्टीलची. शिसं मऊ असतं, नळीचं तोंड आवळलेलं असलं, त्यालाच चोक म्हणतात, तरी दबून निघून जातं. स्टील दबत नाही. जुन्या पातळ नळीत, त्यातून डावी नळी फुल चोक असली, तर चोकपाशी रिंगण उठतं, आत चरे पडतात. स्टीलचे छरे त्यासाठी बनवलेल्या नव्या बंदुकीतच. आता तू म्हणशील, दुकानदारानं दिलं. त्यानं तुला बदकांची पेटी दिली. तुमच्याकडं पाण्यावरच्या पक्ष्यांना शिसं मारायला १९९१ पासून देशभर बंदी आहे, कारण बदकं चारा दळायला खडे गिळतात आणि खड्यांबरोबर चिखलातले छरेही गिळतात. विष हळूहळू भिनतं. बंदी योग्यच आहे. पण तू जाणार फेजंट, म्हणजे तितराच्या कुळातलं मोठं पाखरू, आणि लाव्यांना, ज्वारीच्या रानात. तिथली गोष्ट वेगळी.

ज्वारीवरून आठवलं. तू लिहिलंस की कॅन्ससात ज्वारीला मायलो म्हणतात आणि फेजंट त्याच रानात दडतो, तेव्हा मी दोनदा वाचलं. आपल्याकडं कणसं पुरुषाच्या वर जातात, तिकडची म्हणे कंबरेएवढी. पाखरू उठताना दिसत असेल तरी. आपल्याला तर फडफड आधी ऐकू यायची आणि तितर ताटांच्या वर येईपर्यंत अण्णांची बंदूक खांद्याला लागलेली असायची.

तुला तो तितर आठवतो का? आपण आठवीत होतो, अण्णांकडं शिकारीचा परवाना होता, मांजरेच्या काठचं पाटलाचं रान. त्या दिवशी अण्णांच्या हातात नेहमीची नव्हती, मामांनी आणलेली बारीक छऱ्याची काडतुसं होती, आठ नंबरची, लाव्यांसाठीची. तितर लांबून उठला, अण्णांनी बार टाकला, पिसं उडाली आणि तो ज्वारीत पडला. तू म्हणालास मेला. मी म्हणालो पळाला. आपण अंधार पडेस्तोवर धुंडाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बांधावरच्या बोराटीखाली सापडला. जिवंत होता. एक पाय मोडून मागं वळलेला, चोच उघडी, गळ्याच्या पिवळ्या ठिपक्यावर मुंग्या. अण्णांनी तो हातात घेतला, मान मोडली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुपारी त्यांनी मामांची पेटी परत पाठवली. तू आजही म्हणशील की तो रात्री मेलेला होता. मी हात लावला होता, ऊब होती. यावर आपण कितीही भांडलो तरी मी हटणार नाही.

अण्णांनी त्यानंतर आपल्या दोघांना ओसरीवर बसवलं आणि एक जुनं काडतूस फोडून ताटलीत छरे ओतले, ते मोजायला लावले. बारीक छरे पुष्कळ, पण लांब गेले की त्यांचा जोर संपतो, कातड्यात अडकतात. जाड छरे थोडे, पण हाडापर्यंत जातात. पाखरू जागेवर पडायचं तर अंगात चार-पाच छरे खोल जायला हवेत, त्यामुळं फार जाडही नको, नाहीतर मधल्या फटीतून पाखरू सुटतं. सगळी निवड या दोन टोकांच्या मध्ये आहे. आणि अण्णांचं शेवटचं वाक्य, "गळ्याचा रंग दिसत नसंल तर बार टाकू नका." तिकडं नंबर कुठलाही घे, हे मात्र धर. तीस-पस्तीस यार्डांपलीकडं पाखरू गेलं की जाऊ दे.

नंबराबाबत एक घोळ आहे, तो तुझ्या लक्षात येणार नाही. आपला सहा आणि अमेरिकेचा सहा एक नाही. आपल्याकडं खडकीच्या कारखान्याच्या शक्तिमान काडतुसांना इंग्रजी नंबर, आणि इंग्रजी सहाचे छरे एका औंसात २७० बसतात. अमेरिकी सहाचे साधारण २२५. म्हणजे त्यांचा सहा आपल्या पाचाएवढा. तिकडं १७ मधून नंबर वजा केला की छऱ्याची जाडी इंचाच्या शंभराव्या भागात येते. सहा असेल तर ११, म्हणजे ०.११ इंच. हे पाठ करून ठेव, दुकानात उपयोगी पडेल. त्यामुळं "अण्णा सहा वापरायचे" म्हणून डोळे झाकून सहा मागू नकोस.

मी काय घेतलं असतं ते सांगतो. कारागिरानं बंदूक धड आहे म्हटलं, तरच. अडीच इंची, कमी दाबाची काडतुसं, औंसभर छऱ्यांची. ती साध्या दुकानात मिळत नाहीत, जुन्या बंदुकांसाठी वेगळी बनवतात, मागवावी लागतात. छरे बिस्मथ या धातूचे. ते स्टीलपेक्षा जड आणि पुष्कळ मऊ, जुन्या नळीला इजा करत नाहीत. शिशापेक्षा किंचित हलके, म्हणून एक नंबर जाड घ्यायचे, म्हणजे आकडा एकनं कमी. फेजंटला पाच, लाव्यांना सात. महाग आहेत, माहीत आहे. पण सूनबाईला दिवस गेलेत असं वहिनी म्हणाल्या, आणि तू मारलेलं पाखरू त्याच घरात शिजणार. शिशाचा छरा मांसात शिरताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात, बाजूचं मांस कापून टाकलं तरी राहतात. पोटातल्या लेकराला शिशाचं निर्धोक असं प्रमाणच नाही. कॅन्ससात फेजंटला शिसं चालतं म्हणून तुझ्या स्वयंपाकघरातही चालावं असं नाही. आपण अण्णांच्या काळात दाताखाली छरा आला की अंगणात थुंकायचो आणि हसायचो. तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

काडतुसं आली की लगेच रानात जाऊ नकोस. मोठा कागद टांग, चाळीस यार्डांवरून एकेका नळीनं बार टाक, तीस इंचाचं वर्तुळ काढ आणि भोकं मोज. फुल चोक असेल तर शंभरातले सत्तर छरे आत यायला हवेत, कमी आवळलेल्या नळीचे पन्नास-साठ. कागदावर कुठं मोठी फट राहते ते बघ. अण्णा विहिरीच्या भिंतीला जुनी वर्तमानपत्रं लावून हेच करायचे आणि भोकं मोजायला आपण दोघं. तुझं मोजणं नेहमी जास्त भरायचं.

आणि एवढं सगळं या हंगामात जमलं नाही, तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी हंगाम सुरू होईल तेव्हा ती दुनळी घरी ठेव. प्लांटमधल्या मित्राची नवी बंदूक घे, तिच्या नळीवर लिहिलेल्या लांबीचंच काडतूस घाल. नर तेवढेच मारायचे आहेत, दिवसाला चार, म्हणजे तिथंही डोळ्यांनी रंग ओळखल्याशिवाय चाप ओढता येत नाही. हा कायदा अण्णांना फार आवडला असता.

इथं तर आता तितराला हात लावायचा नाही. १९७२ चा कायदा होताच, १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारही संपली. अण्णांनी त्या वर्षीपासून काडतुसं आणणं बंद केलं, कुरकुर केली नाही. मी पण म्हणतो बरं झालं. यंदा आपल्या बांधावर पहाटे तितर ओरडतात, पूर्वी एवढे नव्हते. जायकवाडीला १९८६ पासून अभयारण्य आहे, माझा नातू शाळेच्या सहलीत तिथं दुर्बिणीतून बदकं बघून आला आणि नावं सांगत बसला. तू तिकडं शिकार करतोस याचा मला राग नाही. तिथं मोजून परवाने देतात, मोजून मारतात. फक्त बोराटीखालचा तितर पुन्हा होऊ देऊ नकोस, आणि तुझा हात शाबूत राहू दे.

वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन बरं झालं ना? थोरल्याची नोकरी टिकली का? घराचे हप्ते संपले असं तू मागं म्हणाला होतास, पेढे अजून आले नाहीत. काकूंच्या वर्षश्राद्धाला येणार असशील तर आधी कळव, दोन खोल्या रिकाम्या करून ठेवतो.

नळ्यांखालच्या ठशांचा फोटो आधी पाठव. बाकीचं पत्र नंतर लिही.

तुझा,
बाळू

ता. क. तुझ्या मित्राकडं २० बोअर आहे असं वाटतं, कारण फोटोत खिडकीत एक पिवळं काडतूस दिसतंय. २० बोअरचं काडतूस पिवळं करतात ते ओळखू यावं म्हणूनच. ते चुकून बारा बोअरमध्ये गेलं तर चेंबरातून निसटून पुढं नळीत अडकतं, वरून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं, आणि मागून बारा बोअरचं भरून बार टाकला की नळी फाटते. दोघांची काडतुसं एका खिशात, एका पिशवीत, एका टेबलावर ठेवू नका. ते खिडकीतलं आजच उचलून त्याला परत दे.