कुलूप तोडलं की उघडलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका ताईंचं पत्र वाचलं. बंद घरांच्या चोऱ्यांनी त्या धास्तावल्या आहेत आणि त्यांची धास्ती खरी आहे. पण पुढे त्यांनी लिहिलंय की, मोबाइलवर बघून कुलपं उघडायला शिकणाऱ्यांची पोलिसांत नोंद व्हावी आणि त्यांची अवजारं जप्त करावीत. ताई, मी त्या लोकांपैकीच एक. भुसावळला रेल्वेत फिटर म्हणून ३४ वर्षं काढली, निवृत्त होऊन ५ वर्षं झाली. घरातल्या लोखंडी कपाटात ६०-६५ कुलपं आहेत. सगळी माझी, काही विकत घेतलेली, बाकीची भंगारातून आणलेली. संध्याकाळचा चहा झाला की त्यातलं एक घेऊन ओट्यावर बसतो आणि किल्ली न लावता उघडायला बघतो. एवढाच माझा छंद, आणि त्याच्यासाठी हे पत्र.

आधी आपल्याच अंकातल्या चोरीच्या बातम्या काढून बघा. ‘कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला’, ‘कुलूप तोडून ऐवज लांबवला’. दर वेळी शब्द एकच, तोडून. या गुन्ह्याचं आपल्या भाषेतलं नावच मुळी घरफोडी. टॉमी, कटावणी, फार तर कटर, आणि दोन मिनिटांत काम उरकतं. चोराला आवाजाची भीती असते, पण वेळेची त्याहून जास्त. अंधारात दारापुढे गुडघे टेकून कुलपाच्या आतली एकेक पिन बोटाला लागेपर्यंत थांबून राहणारा एखादा असेलही. मी आजवर पाहिलेल्या दारांत मात्र मला तो दिसलेला नाही.

दोन वर्षांपूर्वीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या कॉलनीतलं एक कुटुंब गावी गेलेलं, लेकी माहेरी आलेल्या, म्हणून सगळी गावच्याच घरी. तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला दार सताड उघडं दिसलं. मी पोचलो तेव्हा कुलूप उंबऱ्याजवळ पडलेलं होतं. आठ लिव्हरचं, चांगलं महागाचं. मी वाकून बघितलं. कुलूप बंदच होतं. दांडी जागच्या जागी, अंगावर ओरखडा नाही, आणि दांडीत कोयंडा तसाच अडकलेला. कोयंड्याच्या पट्टीत चारही स्क्रू शाबूत. अर्ध्या इंचाचे स्क्रू, आट्यांमध्ये लाकडाचा भुसा भरलेला. घरमालक आल्यावर त्यांनी किल्ली लावली तर ते नेहमीसारखं उघडलं. कुलपाने आपलं काम शेवटपर्यंत केलं होतं. चौकटीत खोल शिरलेला मात्र एकही स्क्रू नव्हता.

तरी दुपारी मला चौकीवर बोलावणं आलं. ‘कुलपं उघडणारे नाना’ म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलेलं. दोन तास बाकावर बसलो. साहेबांनी विचारलं ते सभ्यपणेच विचारलं, त्यांचं ते कामच आहे. पण घरी सून दारात उभी राहून रडत होती, आणि नातवाला वर्गातल्या पोरांनी विचारलं की तुझ्या आजोबांना पकडलं का. ते अजून बोचतं. शेवटी मी साहेबांना विनंती केली, ते कुलूप मागवा. टेबलावर कोयंड्यासकट ठेवून म्हणालो, “साहेब, हे कुणी उघडलेलं नाही. हे उपटलेलं आहे.” त्यांनी स्क्रू हातात घेऊन पाहिले आणि मला घरी जायला सांगितलं.

हे वेड लागलं १९९४ मध्ये. यावल तालुक्यात आमची थोडी केळी होती. थ्री-फेज लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. एप्रिल महिना, बागेला पाण्याचा ताण बसलेला. रात्री दोनला लाइट आली आणि मोटरच्या पेटीची किल्ली वडिलांच्या हातून निसटून विहिरीत गेली. मी हातोडा उचलला तर वडील म्हणाले, “तोडू नको भाऊ. उद्या पेटीले काय लावशीन?” मग छत्रीची एक काडी मोडली, तिचं टोक दगडावर ठोकून वाकवलं आणि बॅटरी तोंडात धरून बसलो. पाचेक मिनिटांत कुलूप हातात आलं. पाणी सुरू झालं, वडील खूश झाले. माझ्या मात्र पोटात गोळा आला. बारा वर्षं आम्ही मोटर या कुलपाच्या भरवशावर सोडून घरी जात होतो! दुसऱ्या दिवशी ते हॅक्सॉने उभं कापलं. आत पत्र्याच्या दोन आडभिंती आणि एक स्प्रिंग, बस्स. किल्लीचे दाते त्या भिंती चुकवण्यापुरतेच. असली कुलपं आजही बाजारात मिळतात आणि लोक ती शेतातल्या पेटीला, शाळेच्या खोलीला, देवळाच्या दानपेटीला लावतात.

खरा अभ्यास पिनांच्या कुलपात आहे. ही कल्पना फार जुनी. इजिप्तमध्ये लाकडी खिट्यांची कुलपं होती. लायनस येल या अमेरिकन माणसाने १८४८ मध्ये ती धातूत आणली आणि त्याच्याच नावाच्या मुलाने १८६१ च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. आत एक पितळी नळकांडं. त्यावर पाच भोकं, प्रत्येकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की पाचही जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात आणि नळकांडं फिरतं. पिनेच्या सहा उंच्या धरल्या तर पाच पिनांच्या ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. एवढ्या कोण लावून बघणार? लावाव्याही लागत नाहीत. कारखान्यात भोकं कितीही सरळ ओळीत पाडली तरी एखाद-दोन थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाएवढा, फरक राहतोच. त्यामुळे नळकांड्यावर हलका पीळ दिला की पाचही पिना एकदम अडत नाहीत, आधी एक अडते. तिला शोधायचं, हळूच वर ढकलायचं, ती बसली की पुढची अडते. तो फरक कमी व्हावा म्हणून मी नोकरीभर मायक्रोमीटर घेऊन झटलो, आणि कुलपात तोच फरक मला वाट दाखवतो.

पिळाचं वजन हीच सगळी कला. तव्यावरची भाकरी फिरवताना बोटं टेकतात तेवढाच दाब. जास्त दिला की सगळ्या पिना गच्च, कमी दिला की बसलेल्या खाली पडतात. पिन बसल्याचं कानाला कमी आणि बोटाच्या पेराला जास्त कळतं, ज्वारीचा दाणा नखाखाली फुटावा तसं.

चांगल्या कुलपात कारखानदार याच्यावरही उपाय करतो. वरच्या पिना सरळ न ठेवता मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड करतो. मी त्यांना डमरू म्हणतो. डमरू बसली की नळकांडं किंचित फिरतं आणि वाटतं, जिंकलो! पण उघडलेलं काहीच नसतं, डमरूची कंबर कडेला अडकून बसलेली असते. आता पीळ सोडायचा, पण थोडाच, नळकांडं केसभर मागे येऊ द्यायचं आणि त्याच वेळी ती पिन वर न्यायची. बाकीच्या चार पडल्या की पुन्हा पहिल्यापासून. असल्या एका कुलपापायी माझ्या १९ संध्याकाळी फुकट गेल्या. विसाव्या रात्री ते उघडलं तेव्हा अकरा वाजले होते. घरची मंडळी झोपलेली. मी तसाच ते हातात घेऊन ओट्यावर बसून राहिलो.

लिव्हरच्या कुलपाची तऱ्हा वेगळी. आत पितळी किंवा पोलादी पात्यांची चळत असते, प्रत्येक पात्याला खाच, आणि सगळ्या खाचा एका उंचीवर आल्या तरच आतली खुंटी पुढे सरकते. पातं कमी उचललं तरी अडतं आणि जास्त उचललं तरी अडतं. ही युक्ती इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनची, १७७८ ची. आपण दुकानात सहा, सात, आठ लिव्हर असे आकडे बघून पैसे मोजतो. माझ्या हाताला मात्र आकड्यापेक्षा पात्यांची सफाई जास्त जाणवते. ढिल्या पात्यांचं आठ लिव्हरचं कुलूप नेटक्या सहा लिव्हरच्या आधी उघडतं. चकत्यांच्या कुलपात तर स्प्रिंगच नसते. ते १९०७ मध्ये फिनलंडमध्ये निघालं. चकत्या नुसत्या गोल फिरतात, त्यामुळे बोटाला खबर फार थोडी लागते. भाच्याने पुण्याहून आणलेलं तसलं एक कुलूप गेले सात महिने माझ्याकडे आहे आणि अजून बंदच आहे. कपाटाच्या ड्रॉवरची आणि टपालपेटीची पातळ पत्तीची कुलपं याउलट. त्यांच्या भरवशावर दागिने ठेवू नयेत एवढंच सांगतो. आपल्याकडची जुनी स्क्रूच्या किल्लीची कुलपंही माझ्याकडे दोन आहेत. किल्ली आट्यांवर फिरवत फिरवत आत न्यायची आणि मग ओढायची. घडणावळ इतकी देखणी की ती मी नुसतीच पुसून ठेवतो. अलीगढ आणि तमिळनाडूतलं दिंडीगुल ही आपल्या देशातली कुलपांची गावं. दिंडीगुलच्या कुलपाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला आहे तसंच.

असं ज्ञान लपवावं का, हा वाद ताईंच्या पत्राच्या फार आधीचा आहे. लंडनला ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याने १७९० पासून दुकानाच्या काचेत एक कुलूप ठेवलं होतं, उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. साठ वर्षं ते कुणाला उघडलं नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाला आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपकारागीर आला. त्याने आधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप २५ मिनिटांत उघडलं. त्या कुलपाची खुबी अशी की कुणी पातं जास्त उचललं की ते गच्च बसायचं आणि मालकाला कळायचं. हॉब्जने त्याच खुबीकडून पात्यांची उंची काढून घेतली. मग ब्रामाचं, १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून. लोक घाबरले, वर्तमानपत्रांत ओरड झाली की आता चोरांना रान मोकळं. हॉब्जचं म्हणणं होतं की चोरांना हे आधीपासून ठाऊक आहे, ठाऊक नाही ते गिऱ्हाइकाला. त्यानंतर कारखानदारांना आपली कुलपं सुधारावी लागली. ब्रामाचं ते कुलूप आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

आमच्या छंदाचे जगभर दोनच नियम आहेत. जर्मनीत हॅम्बुर्गला १९९७ मध्ये अशा हौशी लोकांनी मंडळ काढलं, हॉलंडमध्ये स्पर्धा होतात, तिथेही हेच. कुलूप स्वतःचं असावं, नाहीतर मालकाची परवानगी असावी. आणि रोजच्या वापरातल्या कुलपाला हात लावायचा नाही, कारण आतली पिन मोडली की घरचा माणूस बाहेर राहतो. तिसरा नियम मी माझ्यापुरता केलाय: अवजारं उंबऱ्याबाहेर न्यायची नाहीत. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साहित्य योग्य कारणाशिवाय जवळ सापडलं तर शिक्षा आहेच. म्हणजे चोराला अडवणारा कायदा झालेला आहे आणि तो योग्य आहे. कुणी कुलूप उघडून द्यायला बोलावलं तर मी जात नाही, बाजारातल्या किल्लीवाल्याचा पत्ता देतो. पोटापाण्याचं काम त्याचं आहे, आणि त्याला गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायची सवय आहे.

मोबाइलवर बघणाऱ्या पोरांबद्दल. कॉलनीतली तिघं जण रविवारी माझ्याकडे येतात, त्यातली एक मुलगी आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. तिला कापलेलं कुलूप दाखवून ‘फिट’ आणि ‘टॉलरन्स’ (एक भाग दुसऱ्यात किती घट्ट बसावा आणि मापात किती फरक चालावा) समजावलं तेव्हा अर्ध्या तासात कळलं. फळ्यावर महिनाभर कळलं नव्हतं, असं तीच म्हणाली. या पोरांची नावं पोलिसांच्या वहीत नकोत, एवढी ताईंना हात जोडून विनंती.

आणि ताई, आज संध्याकाळी तुमच्या दाराचा एक स्क्रू काढून त्याची लांबी बघा. दोन इंचांपेक्षा कमी असेल तर बदला. जमलं तर कोयंडा आरपार बोल्टने बसवा, नट आतल्या बाजूला. दांडी उघडी न दिसणारं कुलूप घ्या म्हणजे कटरचं तोंड शिरत नाही. कुलपात गोडेतेल घालू नका; आपल्याकडच्या धुळीशी त्याचा चिखल होतो. शिसपेन्सिलीची पूड पुरते.

संपादकांनाही एक मागणं आहे. यापुढे घरफोडीची बातमी छापताना एक ओळ वाढवा: कुलूप तुटलं, कोयंडा उपटला, की दार कुलूप न मोडता उघडलं. पंचनाम्यात ते असतं, आपल्या वार्ताहराला विचारलं की कळेल. वर्षभर तेवढी ओळ छापा आणि मग ताईंनी आणि मी ती कात्रणं समोरासमोर बसून मोजू. चहा माझ्याकडे.

आपला,
एक निवृत्त फिटर, भुसावळ