आबाजींचं उदाहरण देऊ नको

प्रिय बंटी,

काल फोनवर कोलेस्टेरॉलचा विषय काढला तर तू लगेच तुझ्या आजोबांना, आबाजींना, मधात आणलं, ते नाही का झणझणीत सावजी मटण खाऊन नव्वदीपार गेले म्हणे. फोनवर तू बोलूच देत नाही, म्हणून लिहून राहिलो.

आबाजी खायचे हे खरंच. रविवारचं मटण म्हणजे वर बोटभर तर्री, त्यात भाकर कुस्करायची, शेवटी वाटी तोंडाला लावून रिकामी करायची अन् वरून तंबाखूचा खर्रा. पण बाप्पा, ते चार भाऊ होते. दोघं पन्नाशीच्या आतच अटॅकने गेले, तेही त्याच चुलीवरचं खाऊन. त्यांचं नाव काऊन नाही घेत तू? कारण तू त्यांना पाहिलंच नाही.

फ्रान्सची ती जान कालमाँ १८७५ मध्ये जन्मली, १९९७ मध्ये गेली, १२२ वर्षं, सिगरेट ओढायची, चॉकलेट हाणायची, पोर्ट वाइनही घ्यायची. असे लोक असतात, नाही म्हणत नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या आइन्स्टाइन मेडिकल कॉलेजवाल्यांनी ९५ च्या वरच्या ४७७ ज्यू म्हाताऱ्यांना जुन्या सवयी विचारल्या, तर खाणं, सिगरेट, व्यायाम, कशातच ते चारचौघांपेक्षा शहाणे निघाले नाहीत. त्यांचं भांडवल जन्माचंच. काही लोकांत पीसीएसके९ नावाचं जीन नीट चालतच नाही अन् तेच त्यांच्या पथ्यावर पडतं, लिव्हर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल जास्त उपसत राहते, हार्टचा त्रास फार कमी होतो.

तुझ्यात तसं काही आहे का, कोणाला माहीत. आजोबांचं नातवात सरासरी पावच येतं, अन् कोणतं पाव ते सांगता येत नाही. आईकडचं विसरू नको, तुझे मामा बेचाळिसाव्या वर्षी स्टेंट टाकून बसले. शिवाय आबाजी कामठीहून सायकलनं नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये यायचे, पाळीभर उभे राहायचे, अन् मटण फक्त रविवारी, बाकी दिवस वरण, भाकर, ठेचा, कारण परवडतच नव्हतं. तू दिवसभर खुर्चीत, अन् रात्री एक वाजता बिर्याणी मागवतो, रोज.

तर या शनिवारी लिपिड प्रोफाइल अन् बीपी करून घे. एलडीएलचा, म्हणजे त्या वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा पाठव, नुसतं "नॉर्मल आहे पप्पा" चालणार नाही. दिवाळीला आलास की आई मटण करणारच आहे, मी तिला मना केलेलं नाही.

पप्पा