घुशीच्या बिळात गोळ्या टाकू नका

संपादक महोदय,

बागेत घुशींनी माती उकरली की बिळात अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो जीवघेणा आहे. ओलाव्याने या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, बीळ घराच्या पायाखाली गेलेले असेल तर तो थेट खोल्यांत शिरू शकतो, आणि त्यावर उतारा नाही.

आधी संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवा. सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील, तीच चालू. पिंजरा जाड तारेचा, मोठा घ्या. उंदराच्या छोट्या पिंजऱ्यात घूस मावत नाही. तो भिंतीलगत, तिच्या वाटेवर ठेवा. आत भजे किंवा सुका बोंबील. घूस नव्या वस्तूला बिचकते, म्हणून पहिल्या 3 रात्री दार बांधून उघडेच ठेवा आणि तिला खुशाल खाऊ द्या. चौथ्या रात्री सापळा लावा. बहुतेक जण पहिल्याच रात्री सापळा लावायची घाई करतात आणि पिंजऱ्याला दोष देतात.

औषध वापरायचेच तर 0.005 टक्के ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशकाच्या वड्या बिळात खोल सरकवा, उघड्यावर नको. परिणामाला काही दिवस लागतात. मेलेली घूस लगेच खोल पुरा, नाहीतर ती खाणारा प्राणी किंवा पक्षीही दगावू शकतो.

लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री मात्र मारू नका; ती किडे आणि झुरळे खाते.

शेवटी गटाराच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवा आणि ओला कचरा झाकून ठेवा, नाहीतर दुसरी घूस येते.

– एक वाचक, पुणे