वाट अडवायचा हक्क कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात वाड्यावरून कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेने देवळाकडे जाणारी पायवाट बंद झाली आहे. प्लॉट घेणाऱ्याने चिऱ्यांची भिंत घातली, लोखंडी गेट बसवलं. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा एकाने विचारलं, "डांबरी रस्ता आहे ना, मग पायवाट कशाला?" सगळे गप्प. मी भूगोल शिकवायचो, त्यामुळे मला आठवले ते थेट मध्य आशियातले कझाक लोक.

मेंढ्या-घोडे घेऊन हिंडणारे हे लोक मनाला येईल तिकडे जात नसत. हिवाळ्याची जागा ठरलेली, उन्हाळ्याचं कुरण ठरलेलं, मधले मुक्कामही ठरलेले. कोणत्या कुळाने कोणत्या वाटेने आणि कधी जायचं, हे रिवाजाने बांधलेलं. काहींची वाट शेकडो किलोमीटरची. जनावरं ज्याची त्याची, कुरण मात्र कुळाचं. साहजिकच माणसाने कसं वागावं हेही त्यांना वाटेच्याच भाषेत सुचलं. सोळाव्या शतकातल्या कासिम खानाचे कायदे 'कासिम खानाची उजळ वाट' म्हणून ओळखले गेले, नंतरच्या येसिम खानाचे 'जुनी वाट' म्हणून. प्रवासाला निघणाऱ्याला 'पांढरी वाट' लाभो, असा आशीर्वाद आजही देतात. असान कायगी हा त्यांचा ज्ञानी पुरुष तर, लोककथेप्रमाणे, सांडणीवर बसून सुखाची भूमी शोधत हिंडला आणि जिथून गेला तिथल्या गवतापाण्याविषयी बोलून गेला. (आपल्याकडे पाहणीला येणारे गाडीची काचही खाली करत नाहीत.)

पुढे रशियन साम्राज्याने त्या कुरणांवर शेतकरी वसवले आणि वाटा तुटत गेल्या. मग सोव्हिएत सरकारने जनावरं काढून घेऊन लोकांना सक्तीने एका जागी बसवलं. 1930 ते 1933 च्या दुष्काळात दहा लाखांहून अधिक कझाक मेले. आमच्या भिंतीची त्याच्याशी बरोबरी करण्याइतका मी वेडा नाही.

पण डांबरी रस्त्याने देऊळ लांबचा वळसा घालून येतं. शिगम्यात घोडेमोडणी, म्हणजे लाकडी घोडे कमरेला बांधून नाचणाऱ्यांचा मेळ, याच पायवाटेने देवळात जाते, आणि काजूच्या दिवसांत बोंडूंच्या पाट्या घेऊन बायका इथूनच उतरतात. पंचायतीने जुना सर्व्हे नकाशा काढून, गावातल्या जाणत्यांना सोबत घेऊन जागेवर पाहणी करावी आणि शिगम्याआधी ते गेट उघडायला लावावं.

– एक निवृत्त शिक्षक, सत्तरी