नागपूरच्या उन्हाळ्यात पाहुणे बसवायचे कुठे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत उन्हाळ्यातील निवांत पाहुणचारासाठी घर कसे असावे, या विषयावर आलेला लेख वाचला. काचेची मोठी तावदाने, फिक्या रंगांच्या उशा, हिरवळीवर मांडलेल्या वेताच्या खुर्च्या हे सगळे देखणे आहे. परंतु हे घर नेमक्या कोणत्या गावच्या उन्हात उभे आहे, याचा पत्ता लेखात शेवटपर्यंत लागत नाही. ज्या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तेथील वाचकांना असा लेख उपयोगी पडावा, म्हणून काही गोष्टी मांडत आहे.

नागपुरात उन्हाळ्यातला पाहुणचार दिवेलागणीनंतर सुरू होतो. भर दुपारी कोणी कोणाकडे हौसेने जात नाही; मुक्कामी आलेले पाहुणेही जेवण उरकून कूलरसमोर चटया अंथरून पडलेले असतात. सुट्टीत माहेरी आलेल्या लेकी, लग्नसराईत उतरलेले नातेवाईक, रसाच्या जेवणाला बोलावलेले शेजारी, या सर्वांची खरी बैठक संध्याकाळी सातनंतर जमते आणि मध्यरात्रीपर्यंत रेंगाळते. तेव्हा घराचा आराखडा या चार-पाच तासांपासून आखायला हवा. प्रत्यक्षात मात्र बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर या भागांत नव्याने उभी राहणारी अनेक घरे पाहिली, तर रस्त्याकडे, मग तो पश्चिमेला का असेना, काचेची भिंत असलेला हॉल, त्याला नक्षीदार फॉल्स सीलिंग आणि अंगणाच्या जागी गाडीपुरती फरशी, असाच साचा दिसतो. अशा घरात वीस माणसे आली की ती सारी एका वातानुकूलित खोलीत दाटीने बसतात आणि दार उघडले की यजमान अस्वस्थ होतात.

सूर्याचे गणित अवघड नाही. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस, ऐन नवतप्यात म्हणजे सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जाही पुरा पडतो. ताप होतो तो पश्चिमेचा. दुपारी चारनंतरचे ऊन छज्ज्याखालून तिरपे आत शिरते, आणि त्या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेला न मावळता बराच वायव्येकडे सरकून मावळत असल्याने उत्तरेच्या खिडक्यांनाही संध्याकाळी त्याची झळ लागते. वास्तुशास्त्रापायी आपल्याकडे दिशांची एवढी चर्चा होते, पण मे महिन्यात सूर्य कुठे मावळतो हे फारसे कोणी विचारत नाही. जिना, न्हाणीघर, सामानाची खोली पश्चिमेला घातली, तर बैठकीची खोली आपोआप वाचते. जुने घर असेल आणि बदल शक्य नसेल, तर खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक किंवा खसाची (वाळ्याची) ताटी लावावी. आतून लावलेला जाड पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, म्हणजे उष्णता खोलीतच राहते. जागा असल्यास पश्चिमेच्या कुंपणाशी कडुनिंब लावावा. चैत्रात त्याला नवी पालवी येते आणि वैशाखात त्याची सावली दाट असते.

छताचा प्रश्न याहून मोठा आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि पाहुणे जेवायला बसतात त्याच सुमारास ते खाली सोडू लागतो. कवेलूची (कौलांची) जुनी घरे या बाबतीत बरी होती, कारण कवेलू लवकर तापले तरी लवकर निवत असत आणि मधल्या माळ्यामुळे त्यांची धग खोलीपर्यंत पोहोचत नसे. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी आणलेल्या इको निवास संहितेत छतातून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली आहे, आणि नुसता उघडा स्लॅब त्या मर्यादेत बसत नाही. नवे घर बांधताना स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची चायना मोझॅक करून घ्यावी; ते परवडत नसेल तर दरवर्षी होळीनंतर गच्चीला चुन्याचे दोन हात द्यावेत. माझ्या मते हा खर्च सोफ्याच्या आधीचा आहे.

कूलरबद्दल लेखात एक शब्दही नव्हता, याचे नवल वाटले. आपल्याकडची मे महिन्याची हवा कोरडी असल्यामुळे येथे कूलर उत्तम चालतो, पण त्याने आत ढकललेली हवा बाहेर पडायला समोरच्या बाजूस खिडकी उघडी हवी. पाहुणे आले की धूळ नको म्हणून आपण नेमकी तीच बंद करतो, आणि मग खोली थंड होण्याऐवजी दमट होते. बांधकामाच्या वेळीच कूलरसाठी सावलीच्या बाजूची खिडकी, बाहेर स्टँड, जवळ पाण्याचा नळ आणि समोरच्या भिंतीत उंचावर झरोका ठेवला, तर हा घोळ टळतो. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून ती कोरडी करावी, नाहीतर डेंग्यूच्या डासांचीही सरबराई होते.

सर्वांत जास्त राग आला तो लेखातल्या स्वयंपाकघराच्या चित्राचा. हॉलला जोडलेले उघडे स्वयंपाकघर छायाचित्रात छान दिसते. पण घरात वीस पाने वाढायची असतात तेव्हा कढईची वाफ आणि धूर थेट पाहुण्यांत येतो, शिवाय पुऱ्या तळणाऱ्या बाईला पंखाही लावता येत नाही, कारण ज्योत विझते. पाहुणचार निवांत व्हायचा, तर तो यजमानीणबाईंसाठीही निवांत असायला हवा. म्हणून मागच्या बाजूस छपरी, तिच्याखाली ओटा, नळ आणि गॅसची शेगडी ठेवता येईल एवढी मोकळी जागा हवी. रसाबरोबर खायचे कणकेचे सरगुंडे सकाळीच वळून होतात, गंजभर (पातेलेभर) आमरस दुपारी फ्रीजमध्ये जातो, तळण बाहेर होते, आणि घरातला गारवा घरातच राहतो. लांब पोळ्या भाजायला पालथे मडके तापवायचे असेल, तर ते काम बाहेरच शोभते.

हिरवळीविषयी एवढेच, की ऐन उन्हाळ्यात ती जगवायला लागणारे पाणी प्रत्येक घरी नसते. त्यापेक्षा शहाबादी फरशीचे अंगण बरे. सूर्य मावळल्यावर दोन बादल्यांचा सडा टाकला आणि एक फर्राटा (उभा, जोरदार वाऱ्याचा) पंखा लावला, की अर्ध्या तासात बसण्यासारखी जागा होते. कडेला मोगऱ्याच्या कुंड्या आणि कोपऱ्यात माठ असला, की आणखी सजावटीची गरज पडत नाही.

ज्यांना अंगण नाही त्यांना गच्ची आहे, पण तेथे नळ, दिव्याचे बटण, पंख्याचा प्लग आणि आडोशाला एक शौचालय, यांचा विचार नकाशात क्वचितच असतो. मग सतरंज्यांपासून पाण्यापर्यंत सगळे खालून वर न्यावे लागते आणि गुडघे दुखणारी आजी खालीच एकटी बसून राहते. फ्लॅट योजनांत तर बहुतेक गच्ची पाण्याच्या टाक्यांनी आणि पाइपांनी अडलेली असते व दाराला कुलूप असते. टाक्या एका कडेला घेऊन उरलेली गच्ची रहिवाशांना संध्याकाळी बसण्यासाठी मोकळी ठेवण्याचा मुद्दा खरेदीदारांनी फ्लॅट आरक्षित करतानाच बांधकाम व्यावसायिकाकडे लावून धरावा, कारण एकदा पाइप टाकले की ते कोणी हलवत नाही.

पुढील पुरवणीत आपण नागपुरात काम करणाऱ्या वास्तुविशारदांकडून अशा घरांचे दोन-तीन नकाशे मागवून, उत्तर दिशेचा बाण आणि छताच्या थरांच्या तपशिलासह छापावेत, ही विनंती. पावसाळा संपल्यावर बांधकामाला हात घालणाऱ्यांना ते वेळेवर हाती येतील.

आपली विश्वासू,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर