अधिकारांची यादी पुरत नाही

संपादक महोदय,

केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांवर बोलताना लोक फक्त यादी बघतात, हा विषय याचा तो विषय त्याचा, आणि चर्चा तिथंच संपते. यादी हवीच. अमेरिकेत १७९१च्या दहाव्या घटनादुरुस्तीने केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे ठेवले, म्हणजे रेष आखली गेली. पण मला वाटतं की देशाचा कायदा होताना राज्यांचं ऐकलं जातं का हे जास्त महत्त्वाचं आहे.

जर्मनीत वरच्या सभागृहात राज्य सरकारं स्वतः बसतात आणि एका राज्याची सगळी मतं एकसारखीच पडावी लागतात. २००२ मध्ये स्थलांतराच्या कायद्यावर ब्रँडनबर्गचा एक मंत्री हो म्हणाला, दुसरा नाही म्हणाला, सभागृहाच्या अध्यक्षांनी ते हो धरलं आणि त्याच वर्षी घटना न्यायालयाने अख्खा कायदाच रद्द केला! एका राज्याच्या फक्त चार मतांवरून. याला म्हणतात वजन.

आणि पैसा? ऑस्ट्रेलियात १९४२ साली युद्धाच्या काळात केंद्राने इन्कम टॅक्स आपल्याकडे घेतला, राज्यांना बदल्यात अनुदान दिलं, राज्यं कोर्टात गेली, हरली, युद्ध संपलं तरी तो टॅक्स काही परत आला नाही. घटनेतला शब्दही बदलला नव्हता. म्हणून कळकळीची विनंती, कलमांइतकंच कर कोण गोळा करतं आणि कोण वाटतं यावरही तुमच्या पेपरात सविस्तर छापा.

एक नियमित वाचक