माऊसवाल्यांचं झालं, आता फावडेवाल्यांचं पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पुरवणीत कंप्यूटरवर बसणाऱ्यांची मनगटं का दुखतात यावर अख्खं पान आलं होतं, खुर्ची किती उंच, माऊस कुठे, सगळं फोटोसकट. चांगलं होतं, तक्रार नाही. पण मी मुकादम आहे, माझ्या हाताखालची माणसं दिवसभर उन्हात झाडं छाटतात, खणतात, मशीनने गवत कापतात आणि त्यांचे हात पण दुखतातच की, फक्त त्यांचं दुखणं "मेहनतीचं काम आहे, दुखणारच" म्हणून सोडून दिलं जातं. मीसुद्धा वर्षानुवर्षं हेच म्हणत होतो.

मुकादम व्हायच्या आधी मी स्वतः सिकेटर (छाटणीची स्प्रिंगवाली कात्री) घेऊन छाटणी करायचो. पहिल्यांदा लक्षात आलं ते कामावर नाही, घरी, सकाळी शर्टाचं बटण लावताना. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं जणू दुसऱ्या कोणाची असल्यासारखी, बटण हातात आहे हे दिसतंय पण कळत नाहीये. रात्री मुंग्यांनी जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं. मी समजलो हात अंगाखाली आला असेल. असं करत चार महिने काढले, डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले मनगटातून जाणारी नस दाबली गेलीय, इतके दिवस काय करत होता.

तेव्हा एक गोष्ट कळली ती सांगतो. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी मूठ आवळा. हालचाल कुठे होते बघा, बोटात नाही, वर. बोटं मिटवणारे मोठे स्नायू तिथे असतात आणि बोटांपर्यंत नुसत्या दोऱ्या जातात, टेंडन म्हणतात त्यांना. या दोऱ्यांना रक्त कमी मिळतं त्यामुळे झीज भरून यायला वेळ लागतो. आज झालेली झीज रात्रीत भरली नाही की उद्याची तिच्यावर चढते, परवाची त्याच्यावर, आणि एके दिवशी भरलेली बाटली उचलवत नाही. मग माणूस म्हणतो काल काहीतरी लचकलं. कालचं नसतं ते.

आणि आकडा बघा. मी एकदा घड्याळ लावून मोजलं, हलकी छाटणी करणारा माणूस मिनिटाला सहज 20 काप मारतो. तासाला 1200. सहा तास धरले तर 7200 वेळा मूठ मिटली आणि उघडली. आता त्या सिकेटरची स्प्रिंग तुटलेली असेल (आमच्याकडे निम्म्या तुटलेल्याच होत्या, कोणी बोलतच नाही, काम चालतंय ना) तर प्रत्येक कापानंतर ती बोटांनी उघडायची, म्हणजे उलट्या दिशेने आणखी 7200. पातं बोथट असेल तर प्रत्येक कापाला जोर जास्त. एवढ्याशा स्प्रिंगपायी आणि दोन मिनिटं कानस मारायच्या कंटाळ्यापायी माणसाचा हात जातो हो. आम्ही आता सकाळी आणि दुपारच्या सुट्टीनंतर धार बघितल्याशिवाय कोणालाच सोडत नाही, सुरुवातीला कुरकुर झाली, आता स्वतःहून मागतात.

दुसरं मनगट. कोणाचं तरी बोट मुठीत धरून मनगट सरळ ठेवून दाबा, मग मनगट आत वाकवून दाबा. जोर एकदम कमी होतो. म्हणजे वाकलेल्या मनगटाने तेच काम करायला बरंच जास्त आवळावं लागतं. उंच फांदी हात वर ताणून वाकड्या मनगटाने कापण्यापेक्षा लांब दांड्याचा कटर घ्या. फावड्याचा दांडा फार बारीक नको, साधारण 3 ते 5 सेंटीमीटर जाडीचा धरायला बरा पडतो, घामाने गुळगुळीत झाला असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, सटकायची भीती गेली की माणूस आपोआप कमी आवळतो. ग्लोव्हजचं पण तेच, सगळ्यांना एकाच मापाचे आणून टाकतात, ढगळ आणि जाड ग्लोव्हजमध्ये पकडायला उलट जास्त ताकद लागते.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे सुट्टी. दर अर्ध्या-पाऊण तासाने एक-दोन मिनिटं हात खाली सोडून उभं राहणं हे चार तास सलग राबून एकदाच मोठा आराम करण्यापेक्षा चांगलं. पण काम उक्तं असेल तर कोण थांबणार? जितकं कापाल तितके पैसे असं सांगून वर विश्रांती घ्या म्हणणं ही चेष्टा आहे, आणि हा दोष कामगाराचा नाही, आम्ही मुकादम आणि वरचे ठेकेदार यांचा आहे. कामं आलटून पालटून द्यायची तर तीही डोकं लावून द्यायला हवीत, छाटणीवरून उठवून गवताच्या मशीनवर पाठवला तर मूठ आवळलेलीच राहिली ना, त्यापेक्षा पाणी सोडायला, रोपं मांडायला पाठवा. नवीन माणूस आणि लांब सुट्टीवरून आलेला माणूस यांना पहिला आठवडा अर्धंच काम, ही एक गोष्ट तर अगदी फुकट आहे.

ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन), चेनसॉ, ब्रश कटर (गवत-झुडपं कापायचं मशीन) वाल्यांचं प्रकरण वेगळंच. हादऱ्याने बोटातल्या रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, थंडीत बोटं पांढरी पडतात. 1918 साली अमेरिकेत इंडियानातल्या दगडखाणीत ॲलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरबाईंनी हवेवर चालणाऱ्या हातोड्याने काम करणाऱ्यांची अशीच पांढरी, मेल्यासारखी बोटं बघून नोंदवून ठेवली होती, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी माहिती आहे ही. युरोपात 2002 च्या नियमानुसार आठ तासांच्या हिशोबाने हादरा 2.5 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या (हादरा मोजायचं एकक) वर गेला की मालकाने उपाय सुरू करायचे आणि 5 च्या वर जाऊच द्यायचं नाही. हिशोब असा की हादरा दुप्पट झाला तर चालवायचा वेळ अर्धा नाही, पाव करायचा. मशीनचा हादरा किती हा आकडा बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत छापलेला असतो, पण पुस्तिका खोक्याबरोबर जाते.

आणि ते इंजेक्शन. कोपराची बाहेरची बाजू दुखायला लागली की टेनिस एल्बो म्हणतात (आमच्यात रॅकेट कोणी बघितली पण नाही), मग सगळे स्टेरॉइडच्या इंजेक्शनच्या मागे. काही आठवडे एकदम मस्त वाटतं, माणूस परत त्याच जोराने कामाला. पण वर्षानंतर बघितलं तर इंजेक्शन न घेणाऱ्यांचा हात जास्त सुधारलेला असतो असं अभ्यासात दिसलंय. हळूहळू वजन वाढवत करायचे व्यायाम कंटाळवाणे आहेत पण ते शिकून घ्यावेत.

तर विनंती एवढीच की पुढचं पान आमच्यावर करा. आणि त्या लेखवाल्या डॉक्टरांना आमच्यातर्फे एक विचारा, "तीन आठवडे हात वापरू नका" हे रोजंदारीवाल्याला सांगून उपयोग नसतो, तो उद्या येणारच आहे, तर त्याने उद्या कोणतं काम करावं आणि कोणतं अजिबात करू नये, हे लिहून द्या. मी ते कापून हजेरीच्या वहीत चिकटवतो.

आपला,
छाटणीच्या टोळीचा एक मुकादम